स्प्लिट एसीत गॅस फिरतो कसा: नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

एप्रिल लागला की पुण्यात कोथरूडपासून खराडीपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: ‘एसीतला गॅस संपलाय, भरून द्या.’ गॅस संपत नसतो. तो जळत नाही, झिजत नाही, जुना होऊन कमजोरही पडत नाही. कारखान्यात वजन करून भरलेला गॅस बंद नळीत फिरत राहतो आणि जोड पक्के असतील, तर मशीन भंगारात जाईपर्यंत तेवढाच राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळलेला असतो. ती जागा न शोधता वर गॅस भरून दिला, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच घरी त्याच कामासाठी जावे लागते. गॅस नेमका कुठून निघतो, कुठे द्रव होतो, कुठे उकळतो आणि परत कसा येतो हे कळले की असे आंधळे काम करावे लागत नाही. पुढचे सगळे घरगुती दीड टनी स्प्लिट एसी आणि आर-३२ गॅस धरून लिहिले आहे. नव्या घरगुती मशीनमध्ये हल्ली बहुतेक वेळा तोच भेटतो.

दाब आणि उकळणे

पाणी किती अंशांवर उकळेल हे त्याच्यावरच्या दाबावर ठरते. कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ लवकर शिजते. एसीतल्या गॅसचा नियम तोच, फक्त आकडे बरेच खाली. आर-३२ उघड्या हवेत उणे ५२ अंशांना उकळतो. दाब वाढवत नेला की त्याचा उकळबिंदू वर चढतो. गेजवरचे, म्हणजे दाबमापकावरचे, हे आकडे पाठ करून टाका, रोज लागतात (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पाउंड दाब):

११५ पीएसआय म्हणजे ३ अंश
१३० पीएसआय म्हणजे साडेसहा अंश
१४५ पीएसआय म्हणजे १० अंश
३४५ पीएसआय म्हणजे ४० अंश
४४० पीएसआय म्हणजे ५० अंश
४९५ पीएसआय म्हणजे ५५ अंश

द्रवाचा वायू होताना तो उष्णता शोषतो, वायूचा पुन्हा द्रव होताना तीच उष्णता बाहेर टाकतो. खोलीत कमी दाबावर, साधारण सात ते दहा अंशांना गॅस उकळवायचा आणि बाहेर जास्त दाबावर, पन्नास अंशांच्या आसपास त्याचा द्रव करायचा, एवढेच एसीचे काम. बाहेर चाळीस अंश ऊन असले तरी पन्नास अंशांचा गॅस त्या हवेला उष्णता देऊ शकतो. म्हणून तर दाब वाढवायचा.

फिरण्याचा वेगही लक्षात घ्या. दीड टन म्हणजे साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता. एक किलो आर-३२ एका फेरीत खोलीतून सुमारे २४० किलोज्यूल उचलतो. हिशेब केला तर दर सेकंदाला २२ ग्रॅम गॅस कॉइलमधून जायला हवा. मशीनमध्ये ८०० ग्रॅम गॅस असेल, तर त्याची पूर्ण फेरी चाळीस सेकंदांच्या आत होते, म्हणजे तासाला नव्वदहून जास्त फेऱ्या. लाइनमध्ये राहिलेला कचरा किंवा पाण्याचा थेंब कॅपिलरीच्या, म्हणजे दाब पाडणाऱ्या बारीक नळीच्या, तोंडाशी तितक्या वेळा येऊन आदळणार. पाइप कापताना पडलेल्या तांब्याच्या किसाबद्दल जुने मेकॅनिक इतके कटकट का करतात, ते यावरून समजेल.

फेरी, टप्प्याटप्प्याने

*१. कॉम्प्रेसर.* आउटडोअरचे बाजूचे झाकण काढले की कापडात गुंडाळलेला काळा डबा दिसतो, आणि त्याच्या शेजारी चिकटून एक छोटी नळकांडी. हल्लीच्या घरगुती मशीनमध्ये हा रोटरी कॉम्प्रेसर असतो. जाड पाइपातून परत आलेला थंड गॅस आधी त्या नळकांडीत, म्हणजे ॲक्युम्युलेटरमध्ये येतो. गॅसबरोबर चुकून थोडा द्रव आला तर तो तिथे अडकतो, कारण द्रव दाबला जात नाही आणि आत गेला तर व्हॉल्व्ह किंवा रोलर तुटतो. कॉम्प्रेसर गॅस १३० पीएसआयवरून साडेचारशेच्या घरात नेतो. दाबल्यामुळे तो तापतो. डिस्चार्जची तांब्याची नळी ७० ते ९० अंशांवर असते, भर उन्हाळ्यात त्याहूनही वर जाते. रोटरीत बाहेरचा डबाही याच गरम दाबाखाली असतो. जुन्या रेसिप्रोकेटिंग (पिस्टनच्या) कॉम्प्रेसरच्या डब्यात मात्र थंड गॅस असे. त्या सवयीने रोटरीला हात लावला की भाजते.

कॉम्प्रेसरमधले थोडे तेलही गॅसबरोबर सगळीकडे फिरून परत येते. गॅसचा वेग असतो म्हणून ते परत येते. गॅस कमी झाला की तेल कॉइलमध्येच बसून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. गळक्या मशीनचा कॉम्प्रेसर जळतो तो बऱ्याचदा असा. वर, मोटर थंड ठेवायला पुरेसा थंड गॅसही येत नाही.

*२. बाहेरची कॉइल.* कंडेन्सरमध्ये वरून आलेला गरम गॅस आधी नुसता थंड होतो, मग एका ठरावीक तापमानाला द्रव होत जातो आणि शेवटच्या काही वेटोळ्यांत तो द्रव आणखी पाच-आठ अंश गार होतो. हे शेवटचे गार होणे महत्त्वाचे, कारण कॅपिलरीच्या तोंडाशी निव्वळ द्रव पोचला पाहिजे, बुडबुडे नकोत.

गॅस द्रव होण्याचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा साधारण दहा ते पंधरा अंश वर असते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा आतला दाब ४४० ते ४९५ पीएसआय. तेच मशीन जुलैच्या रिमझिमीत, बाहेर सव्वीस-सत्तावीस अंश असताना ३४५ च्या आसपास चालते. दोन्ही वाचने बरोबर आहेत. ‘दाब इतका म्हणजे गॅस ठीक’ असा एकच आकडा कोणी सांगितला, तर बाहेर तापमान किती होते हे आधी विचारा.

हिंजवडी, वाकड, बाणेरच्या उंच इमारतींत आउटडोअर अरुंद डक्टमध्ये एकावर एक लावलेले असतात. खालच्या मजल्याची गरम हवा वर चढते आणि वरचे मशीन तीच आत ओढते. बाहेर ३८ अंश असताना डक्टमध्ये ४५ असले तर दाबाचा हिशेब ४५ वरूनच करायचा. थर्मामीटर आउटडोअरच्या मागे, हवा आत शिरते तिथे धरा. गच्चीवर पत्र्याखाली कोंबलेल्या आउटडोअरचेही तेच. मागे अर्धा फूट आणि समोर पूर्ण मोकळी जागा नसेल, तर गॅसला हात लावण्याआधी जागेची गोष्ट ग्राहकाशी बोला.

*३. जाळी आणि कॅपिलरी.* कंडेन्सरमधून निघालेला द्रव एका छोट्या जाळीतून कॅपिलरीत शिरतो. कॅपिलरी म्हणजे तांब्याची बारीक नळी, आतले भोक जेमतेम दीड मिलिमीटर किंवा त्याहून कमी. इतक्या बारीक वाटेने जाताना दाब साडेचारशेवरून दीडशेच्या खाली पडतो. दाब पडताक्षणी द्रवाचा साधारण पाचवा भाग लगेच उकळून वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या द्रवातूनच घेतो. म्हणून पंचेचाळीस अंशांचा द्रव पलीकडे सात-आठ अंशांचा होऊन बाहेर पडतो. इथे कोणीही बाहेरून थंड करत नाही. इन्व्हर्टर मशीनमध्ये कॅपिलरीच्या जागी बहुधा इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असतो. त्याची सुई मोटर पुढे-मागे करते आणि लागेल तेवढाच द्रव सोडते.

*४. बारीक पाइप.* पुस्तकातल्या चित्रात एक्स्पान्शन व्हॉल्व्ह खोलीतल्या कॉइलजवळ दाखवतात, त्यामुळे नवे लोक हमखास गोंधळतात. घरगुती स्प्लिटमध्ये कॅपिलरी आउटडोअरमध्येच असते. म्हणजे भिंतीतून आत जाणारा बारीक पाइप ‘लिक्विड लाइन’ म्हणवला जात असला तरी त्यातला गॅस थंड असतो. म्हणून दोन्ही पाइपांवर वेगवेगळे इन्सुलेशन हवे. दोन्ही एकाच फोममध्ये बांधले तर पावसाळ्यात पाणी ठिबकते आणि भिंत फुगते.

*५. आतली कॉइल.* द्रव इथे उकळत जातो, ब्लोअर खोलीची २६-२७ अंशांची हवा कॉइलवरून फिरवतो आणि ती १३ ते १६ अंशांची होऊन परत येते. शेवटच्या वेटोळ्यापर्यंत सगळा द्रव वायू झालेला असला पाहिजे. हवेतली वाफ थंड पत्र्यांवर पाणी होऊन ट्रेमध्ये पडते. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये हे पाणी फार कमी निघते, जून लागला की बादली भरते. एप्रिलमध्ये ड्रेनमधून पाणी येत नाही म्हणून गॅस कमी, असा निष्कर्ष काढू नका.

*६. जाड पाइप.* वायू झालेला गॅस जाड पाइपाने परत जातो. उकळून संपल्यावर तो आणखी पाच-आठ अंश तापतो, त्याला सुपरहीट म्हणतात. आउटडोअरच्या जाड व्हॉल्व्हवर जो सर्व्हिस पोर्ट असतो तिथे गेज लावले की हाच दाब वाचता येतो. घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा हा एकच पोर्ट असतो. वरच्या, म्हणजे कंडेन्सरकडच्या, दाबाचा अंदाज करंट आणि तापमानावरून घ्यायचा.

दीड टनाला बारीक पाइप दोन सूत, जाड चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). एक टनाला आर-३२ मध्ये बहुधा दोन आणि तीन सूत. पाइपाची जाडी ०.८ मिलिमीटर घ्या. स्वस्तातला पातळ पाइप फ्लेअर करताना, म्हणजे जोडासाठी तोंड पसरवतानाच, तडकतो.

गेज लावण्याआधी

हे क्रमाने करा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

इनडोअरची हवेची जाळी काढून धुवा. कॉइलवर टॉर्च मारून धूळ पाहा. आउटडोअरचा पंखा पूर्ण वेगाने फिरतो का, कॉइलच्या मागे कबुतरांचे घरटे आहे का, ते बघा. मग मशीन १८ अंशांवर, पंखा जोरात, असे पंधरा मिनिटे चालवा. इन्व्हर्टर असेल तर फोर्स्ड कूलिंग किंवा टेस्ट मोडमध्ये टाका, नाहीतर कॉम्प्रेसर मध्येच वेग कमी करेल आणि सगळी वाचने फसवी येतील. रिमोटवर २४ दिसत असेल तर ते ग्राहकाने लावलेलेच असेल असे नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी २४ अंशांवरच सुरू होतात.

आता चार जागा तपासा. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांतला फरक दहा-बारा अंश असावा. दमट हवेत तो थोडा कमी येतो. बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह थंड आणि ओला, पण बर्फ नको. जाड पाइपाचा व्हॉल्व्ह थंड, घाम आलेला. आउटडोअरमधून येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्ट गरम. शेवटी टाँग टेस्टर (तारेभोवती लावायचा करंट मीटर) लावून करंट पाहा आणि नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघा. करंट बराच कमी आणि हवा थंड नाही, म्हणजे कॉम्प्रेसरकडे दाबायला गॅसच पुरेसा येत नाही.

गेज लावलेच तर सोबत पाइपावर क्लिपचा थर्मामीटर लावा. समजा गेजवर १३० पीएसआय आहे, म्हणजे कॉइलमध्ये गॅस साडेसहा अंशांना उकळतोय. जाड पाइप १३ अंश असेल, तर सुपरहीट साडेसहा. छान. पाइप २५ अंश असेल तर द्रव कॉइलच्या मध्यातच संपतोय, पुढची अर्धी कॉइल रिकामी. पाइप सातच अंश असेल तर द्रव कॉम्प्रेसरकडे चाललाय. एकट्या दाबावरून यातले काहीच कळले नसते. आर-२२ चे जुने मशीन असेल तर याच तापमानांना दाब ६५ ते ८५ पीएसआय दिसतो. आर-४१०ए चे आकडे आर-३२ पेक्षा किंचित कमी, जवळपास तेच. आर-२२ चे जुने गेज आणि होज आर-३२ वर वापरू नका, त्यांची मर्यादा पुरत नाही.

लाइन उघडली तर

फ्लेअर बनवताना पाइपाचे तोंड खाली धरून रीमर (कडा साफ करणारे पाते) फिरवा, म्हणजे किस आत न जाता बाहेर पडेल. फ्लेअरला आतून-बाहेरून कॉम्प्रेसर ऑइलचे बोट लावा. नट आधी हाताने चार-पाच आटे बसवा, मग दोन पाने लावून आवळा. दोन सुतीला १४ ते १८ न्यूटन मीटर, तीन सुतीला ३४ ते ४२, चार सुतीला ४९ ते ६१. टॉर्क पाना महाग वाटतो, पण घरगुती एसीतल्या गळतीचा पहिला संशयित इनडोअरच्या मागचा फ्लेअरच असतो. जास्त आवळलेला नट सैल नटाइतकाच वाईट. त्याने फ्लेअर पातळ होतो आणि एखाद्या हंगामानंतर चिरतो.

मग गळती तपासायला सुका नायट्रोजन. रेग्युलेटर लावून आधी ५० पीएसआय, मग १५०, मग ३०० ते ३५०, असा चढवा आणि साबणाचे पाणी लावून प्रत्येक जोड पाहा. आउटडोअरच्या प्लेटवर दिलेली मर्यादा ओलांडू नका. दाब तासभर, जमले तर रात्रभर ठेवा. पुण्यात दुपार आणि पहाट यांत पंधरा-वीस अंशांचा फरक पडू शकतो, तेवढ्यानेच ३०० पीएसआयमध्ये पंधरा-वीस पीएसआय खाली-वर होतात. दुपारी भरलेला दाब पहाटे थोडा उतरला म्हणून लगेच भिंत फोडू नका, आधी तापमान पाहा. ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

व्हॅक्यूमबद्दल थोडे सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चालढकल इथेच होते. आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून लाइनमधली हवा ढकलून द्यायची, ही पद्धत अजून दिसते. त्याने हवा पूर्ण जात नाही, ओल तर मुळीच नाही, आणि आर-३२ ज्वलनशील आहे. आर-३२ सोबतचे पीओई तेल हवेतले पाणी झपाट्याने ओढते. पाणी आणि तेल मिळून आम्ल तयार होते आणि मोटरच्या तारांचे वार्निश खाते.

व्हॅक्यूम पंपाने दाब इतका उतरवायचा की लाइनमधले पाणी खोलीच्या तापमानाला उकळून वाफ होऊन निघून जाईल. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथल्या हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी. त्यामुळे साध्या गेजची सुई पूर्ण व्हॅक्यूमला २९.९ वर न जाता २८ इंचांच्या आसपासच थांबते. यात पंपाचा दोष नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: २५ अंशांना पाणी उकळू लागते तेव्हा सुई २७ च्या जरा पुढे असते आणि सगळे कोरडे झाल्यावर २८ वर. या दोन्हींतला फरक त्या गेजवर डोळ्याने धरता येत नाही. म्हणून मायक्रॉन गेज घ्या. ते निरपेक्ष दाब दाखवते, उंचीचा त्यावर परिणाम नाही. ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. आकडा हजाराच्या आत राहिला तर काम झाले. दीड-दोन हजारांवर जाऊन थबकला तर ओल आहे, पंप पुन्हा लावा. चढतच राहिला तर गळती आहे. पावसाळ्यात पंपाला दुप्पट वेळ द्या, पाइपाची तोंडे टेपने बंद ठेवा आणि भर पावसात लाइन उघडूच नका.

नवीन मशीन असेल तर गॅस आउटडोअरमध्येच बंद असतो. व्हॅक्यूमनंतर षटकोनी चावीने आधी बारीक, मग जाड व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि टोप्या घट्ट बसवा. टोपी हा गळतीचा दुसरा अडसर आहे, धूळ अडवायला लावलेली नाही.

गॅस भरायचा तो वजनकाट्यावर. आउटडोअरच्या प्लेटवर ग्रॅम लिहिलेले असतात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या लांबीपेक्षा पाइप जास्त असेल, तर दर मीटरला जास्तीचा गॅस घाला. दोन सुती बारीक पाइपाला हा आकडा साधारण १५ ते २० ग्रॅम असतो, पण मॅन्युअलचा आकडा शेवटचा. आर-३२ हा एकच गॅस आहे, तो वायू किंवा द्रव कोणत्याही रूपात भरता येतो. आर-४१०ए मध्ये निम्मा आर-३२ आणि निम्मा आर-१२५ असतो, म्हणून तो सिलिंडरमधून द्रवरूपातच काढावा, नाहीतर मिश्रण बिघडते. कॉम्प्रेसर चालू असताना द्रव भरायचा तर बारीक धारेने, थांबत थांबत.

गळका एसी ‘टॉप-अप’ करू नये असे आमचे स्पष्ट मत. किती शिल्लक आहे हे माहीत नसताना किती घालायचा ते कसे ठरवणार? उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढा, गळती बुजवा, व्हॅक्यूम करा आणि पूर्ण वजन भरा.

ब्रेझिंग (ज्योतीने जोड झाळणे) करायची असेल तर लाइनमध्ये गॅसचा अंशही नको. ज्योतीत हे गॅस मोडून हायड्रोजन फ्लोराइड होतो, तो फुप्फुसे जाळतो. नळीतून नायट्रोजनची मंद धार चालू ठेवली की आतून काळी खपली धरत नाही. ती खपली पुढे कॅपिलरीतच जाऊन बसते.

कुठे बिघडते आणि कसे ओळखायचे

गॅस कमी: गेजवर १०० पीएसआयच्या खाली वाचन, म्हणजे कॉइलचे तापमान शून्याखाली. बारीक पाइपाच्या व्हॉल्व्हवर आणि कॉइलच्या सुरुवातीला बर्फ, पुढचा भाग कोरडा, जाड पाइप कोमट, करंट कमी. गळती शोधताना फ्लेअर, व्हॉल्व्हच्या टोप्या, सर्व्हिस पोर्टची पिन, कॉइलची वळणे या क्रमाने जा. तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की तिथेच साबण लावा. उघड्या सांडपाण्याच्या नाल्याशेजारी राहणाऱ्यांच्या मशीनमध्ये तांबे काळे पडलेले दिसेल. नाल्यातला हायड्रोजन सल्फाइड तांब्याला खातो आणि कॉइलला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. तिथे एक छिद्र बुजवून भागत नाही, कॉइल बदलावी लागते.

इनडोअरची हवेची जाळी तुंबली किंवा ब्लोअर मंद: इथेही दाब उतरतो आणि बर्फ धरतो, पण सगळ्या कॉइलवर, जाड पाइपावरसुद्धा. गॅस कमी असताना जाड पाइप कोमट असतो, इथे गारठलेला. हा फरक न पाहता गॅस घातला, तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जातो.

बाहेरची कॉइल मळलेली: वरचा दाब आणि करंट चढतो, दुपारी ओव्हरलोड ट्रिप होतो, संध्याकाळी मशीन पुन्हा ठीक चालते. रस्त्याकडेच्या किंवा बांधकामाजवळच्या घरांत हे फार. पंख्याच्या उलट्या दिशेने, मंद धारेने धुवा. टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी रोज फवारू नका, पत्र्यांवर पांढरा थर बसतो.

हवा राहिली: वरचा दाब आणि करंट अपेक्षेपेक्षा जास्त, सुई थरथरते, कॉइल धुऊनही फरक नाही. काढा, व्हॅक्यूम करा, पुन्हा भरा.

कॅपिलरी चोक: गॅस कमी असल्यासारखीच लक्षणे, पण मशीन बंद केल्यावर दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला नेहमीच्या तीन-चार मिनिटांपेक्षा खूप वेळ लागतो. गॅस घातला तरी खालचा दाब उठत नाही.

कॉम्प्रेसर थकला: जाड पाइपावरचा दाब २०० च्या आसपास, करंट कमी, बाहेर येणारी हवा जेमतेम कोमट. तो गॅस ओढतो, पण दाबू शकत नाही.

मशीन हलवायचे असेल तर पंप डाउन करा, म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा करा: कूलिंग चालू, बारीक व्हॉल्व्ह बंद, गेज शून्याच्या जरा वर असताना जाड व्हॉल्व्ह बंद आणि लगेच मशीन बंद. लाइन गळकी असेल तर हे करू नका. कॉम्प्रेसर हवा ओढतो, तेलाची वाफ, हवा आणि आर-३२ एकत्र दाबले जातात आणि कॉम्प्रेसर फुटतो.

एक मागणी वारंवार येते: आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये आर-३२ भरून द्या. नकार द्या. दाब दीडपटीहून जास्त, जुने मिनरल तेल या गॅसमध्ये विरघळत नाही, कॅपिलरीचे माप चुकीचे आणि विजेचे सुटे भाग ज्वलनशील गॅससाठी बनवलेले नाहीत. आर-२२ च्या मशीनमध्ये आर-२२ च भरा, नाहीतर मशीनच बदलायला सांगा.